न पाहिलेल्या चित्रपटांवर पैजा

१८ मार्च २०१३ रोजी साठाव्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांची घोषणा झाली आणि अंदाज बांधणाऱ्यांची दांडी गुल झाली. त्या वर्षी चर्चा होती ती ‘इंग्लिश विंग्लिश’मधल्या श्रीदेवीची आणि ‘कहानी’तल्या विद्या बालनची. सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला तो ‘धग’ या मराठी चित्रपटातल्या उषा जाधवला. मुलगी कोल्हापूरची. पण तिच्यावर पैज लावायची तर कोल्हापूरकरांनाही सोय नव्हती, कारण ‘धग’ तोवर चित्रपटगृहांत लागलाच नव्हता. तो लागला २०१४ मध्ये, पुरस्काराची बातमी शिळी झाल्यावर.

पुरस्कारांचा हंगाम आला की मिरजकर तिकटीपासून रंकाळ्यापर्यंत चहाच्या गाड्यांवर निकाल आधीच लागलेला असतो. त्यात गैर काहीच नाही. हे गावच सिनेमाचं. बाबूराव पेंटरांची महाराष्ट्र फिल्म कंपनी इथली, १९२९ मध्ये ‘प्रभात’ची स्थापना झाली ती इथेच, भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ इथला आणि अखिल भारतीय मराठी चित्रपट महामंडळाचं मुख्य कार्यालयही इथेच. १९२० चा ‘सैरंध्री’ पाहून लोकमान्य टिळकांनी पेंटरांना ‘सिनेमा केसरी’ ठरवलं, तेव्हा ना नामांकनं होती ना लाल गालिचा. अशा गावानं पुरस्कारांवर बोलायचं नाही तर कुणी बोलायचं?

आता वेध ७२ व्या राष्ट्रीय पुरस्कारांचे आहेत, म्हणजे २०२४ च्या चित्रपटांचे. पण ‘२०२४ चे चित्रपट’ म्हणजे नेमके कोणते, इथेच निम्मे अंदाज घसरतात. हिशेब प्रदर्शनाच्या तारखेचा नसतो, सेन्सॉर प्रमाणपत्राच्या तारखेचा असतो. परेश मोकाशींचा ‘वाळवी’ लोकांनी पाहिला जानेवारी २०२३ मध्ये. सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा पुरस्कार त्याला मिळाला २०२२ चा. आदिनाथ कोठारेंचा ‘पाणी’ तर याहून नामी. ऑक्टोबर २०२४ मध्ये तो चित्रपटगृहांत आला, म्हणून या वेळी त्याचं नाव घेणारे भेटतात. त्यांना कुणीतरी सांगायला हवं की पर्यावरणविषयक सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार ‘पाणी’ला २०१९ मध्येच जाहीर झाला. पुरस्कार आधी आणि प्रेक्षक पाच वर्षांनी, असा हा उलटा कारभार.

कोल्हापुरात अंदाज खरे ठरतात ते फुटबॉलचे. पाटाकडील की खंडोबा, दिलबहार की शिवाजी तरुण मंडळ, यावर शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसलेला माणूस ठामपणे बोलतो आणि बऱ्याचदा बरोबर बोलतो. त्यानं हंगामातले सामने उन्हात बसून पाहिलेले असतात. कुणाचा गुडघा दुखावलाय, कुणाचा डावा पाय कच्चा आहे, सगळं पाठ असतं. सिनेमाच्या पैजा मात्र ट्रेलर, पोस्टर आणि मोबाइलवर आलेल्या क्लिपांवर लागतात. मराठी चित्रपटाला शुक्रवारी एखादा दुपारचा खेळ मिळतो आणि पुढच्या शुक्रवारी तोही जातो. पाहणार कधी आणि ताडणार काय?

दोष एकट्या प्रेक्षकाचा नाही. ऑस्करचा सगळा खेळ टप्प्याटप्प्यानं उघड होतो. आंतरराष्ट्रीय चित्रपटांच्या गटात आधी पंधरांची यादी येते, मग पाच नामांकनं, मग निकाल. राज्य चित्रपट पुरस्कारांतही नामांकनं आधी जाहीर होतात आणि विजेता मंचावर कळतो. राष्ट्रीय पुरस्कारांत यातलं काहीच नाही. प्रादेशिक ज्युरी पाहते, केंद्रीय ज्युरी ठरवते आणि एका पत्रकार परिषदेत अख्खी यादी वाचून दाखवली जाते. अंतिम स्पर्धेत कोण होतं हे हरलेल्यालाही कळत नाही. पुढचा सोहळा म्हणजे आधीच ठाऊक असलेल्या नावांना पदकं देणं. ७१ व्या पुरस्कारांची यादी १ ऑगस्ट २०२५ रोजी आली आणि पदकं २३ सप्टेंबरला दिली गेली. त्या दिवशी लक्षात राहिली ती ‘नाळ २’मधली चिमुरडी त्रिशा ठोसर, साडी नेसून पदक घ्यायला गेलेली. उत्कंठा म्हणाल तर शून्य.

उत्कंठेचा अतिरेकही महाराष्ट्रानं पाहिलाय. १९५४ मध्ये आचार्य अत्रे यांच्या ‘श्यामची आई’नं पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळवलं, त्यानंतर सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान मराठीकडे यायला ‘श्वास’ची वाट पाहावी लागली, म्हणजे २००४ ची. संदीप सावंतांचा तो चित्रपट ऑस्करसाठी भारताची प्रवेशिका ठरला आणि अमेरिकेतल्या प्रचाराच्या खर्चासाठी सामान्य माणसांनीही हात दिला. २५ जानेवारी २००५ रोजी नामांकनं आली, त्यांत ‘श्वास’ नव्हता. हळहळ मोठी होती, पण ती खरी होती, कारण लोकांनी तो चित्रपट तिकीट काढून पाहिलेला होता. ज्याच्यावर पैज लावली तो पाहिलेला असणं, एवढी किमान अट त्या वर्षी तरी पाळली गेली.

तेव्हा एक साधी मागणी. राष्ट्रीय पुरस्कारांच्या प्रत्येक गटातली शेवटची पाच नावं निकालाच्या महिनाभर आधी जाहीर व्हावीत. पुरस्कारांचं काम आता एनएफडीसी या सरकारी संस्थेकडे आहे. तिला हे अशक्य नाही. आणि त्या यादीतले मराठी चित्रपट चित्रपट महामंडळानं आपल्याच गावात, कोल्हापुरात, आठवडाभर दाखवावेत. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचं स्मारक उभारणाऱ्या शहरानं एवढा हट्ट धरायला हरकत नाही.

तोवर अंदाज बांधायचेच, तर हे घ्या. सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा इतिहास गल्ल्याला भुलत नाही. २०२३ मध्ये ‘बाईपण भारी देवा’नं चित्रपटगृहं भरली, पुरस्कार मात्र सुजय डहाकेंच्या ‘श्यामची आई’ला गेला. साने गुरुजींचं तेच पुस्तक, सत्तर वर्षांनी पुन्हा दिल्लीत. त्यामुळे ‘नवरा माझा नवसाचा २’वर पैसे लावू नयेत. ‘फुलवंती’ला नृत्य किंवा वेशभूषेत संधी दिसते, त्यापलीकडे अवघड. महेश मांजरेकरांचा ‘जुनं फर्निचर’ विषयामुळे ज्युरीसमोर थोडा वेळ रेंगाळेल. कोल्हापूरकरांचं मत ‘स्वरगंधर्व सुधीर फडके’कडे झुकणार, बाबूजींचा जन्मच इथला, १९१९ चा. आपलेपणा बाजूला ठेवला तर चित्रपट म्हणून तो चरित्राच्या ओझ्याखाली जरा वाकतो. संगीत किंवा गायनाच्या गटात त्याचं नाव अधिक शोभेल.

खरी कसोटी सर्वोत्कृष्ट चित्रपटाची आहे. पायल कपाडियांच्या ‘ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट’ला मे २०२४ मध्ये कान महोत्सवात ग्रां प्री मिळाला. मायदेशी ऑस्करसाठी मात्र ‘लापता लेडीज’ निवडला गेला. कपाडियांचा चित्रपट निवड समितीला भारतात घडणारा युरोपीय चित्रपट वाटला, असं तेव्हा सांगण्यात आलं. ‘लापता लेडीज’ पुढे पंधरांच्या यादीतही पोचला नाही. आता कपाडियांच्या त्याच मुंबईच्या आणि कोकणच्या चित्रपटाला राष्ट्रीय ज्युरी भारतीय मानते का, हे पाहण्यासारखं आहे. दिग्दर्शनाचा पुरस्कार कपाडियांना मिळेल, मुख्य पुरस्कार एखाद्या दाक्षिणात्य चित्रपटाकडे जाईल, असा इथला अंदाज. आणि कपाडियांच्या चित्रपटात मुंबईतल्या खोलीवरून हुसकावली गेलेली, गावी परतणारी पार्वती उभी करणाऱ्या छाया कदम यांचं नाव सहाय्यक अभिनेत्री म्हणून आलं नाही, तर ज्युरीनं त्या पत्रकार परिषदेतच कारण सांगून टाकावं.