ऑर्डर घेतेस का?

मागच्या वर्षी परीक्षा संपल्यावर मी माझा पहिला केक केला. खायचा नाही, क्लेचा. एक रुपयाच्या नाण्यावर बसेल एवढा. जुन्या टूथब्रशने टोचून स्पंजची जाळी आणली, वर गुलाबी क्रीम आणि मोहरीएवढी लाल चेरी. केक चांगलाच कलंडला होता, तरी तो तळहातावर घेऊन मी घरभर फिरले. स्टेटसला फोटो टाकला आणि दहा मिनिटांत पहिला मेसेज आला, 'भारी! ऑर्डर घेतेस का?'

तुमच्या बाबतीतही असं झालं असेल. मेंदी काढा, क्रोशाचं फूल विणा, नाहीतर चार ओळी सुंदर अक्षरात लिहा. 'छान' नंतरचं वाक्य ठरलेलं, 'पेज काढ की!' म्हणणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. कौतुक करायची आपली तीच पद्धत झालीये. पण मला वाटतं, सगळेच छंद विकायला काढू नयेत. एखादा तरी स्वतःपाशी ठेवावा.

मी ऑर्डर घेतली होती, म्हणून सांगते. ओळखीच्या काकूंना मुलीच्या वाढदिवसाला रिटर्न गिफ्ट म्हणून कपकेकची २५ कीचेन हवी होती. ६० रुपयांना एक, म्हणजे १५०० रुपये. मी हवेत! प्रत्यक्षात एका कपकेकला पाऊण तास लागला. एकूण जवळजवळ १९ तास, तेही सबमिशनच्या आठवड्यात. क्ले, कड्या, पाकिटं यांचे ३०० गेले. उरले १२००. तासाला ६३ रुपये.

पैसे कमी मिळाले याचं एवढं वाईट वाटलं नाही. पण सगळे कपकेक हुबेहूब सारखे हवे होते. कलंडलेला चालणार नव्हता, मध्येच सुचलेला निळा रंग चालणार नव्हता. विसाव्या कपकेकपर्यंत मला क्लेकडे बघवेना. नंतर तीन महिने डबा उघडलाच नाही. उघडला तेव्हा उरलेल्या गोळ्याचा दगड झाला होता.

छोट्या, खोट्या खाऊचा धंदा होऊ शकत नाही असं मुळीच नाही. आपल्या सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडाची रंगीत फळं मिळतात, ती करणाऱ्यांचं पोट त्यावर चालतं. जपानमध्ये हॉटेलांच्या काचेमागे मांडलेले नकली पदार्थ हा तर मोठा उद्योग आहे. गुजो हाचिमान हे गाव त्यासाठीच ओळखलं जातं. पण तिथे हात वर्षानुवर्षं बसलेला असतो आणि शंभरावा नग पहिल्यासारखाच उतरतो. ते कसब आहे. दोन व्हिडिओ बघून आपण त्या रांगेत बसायची घाई का करायची?

'घरून पॉकेटमनी मिळत नाही, त्याने काय करायचं?' असं कुणी विचारेल. बरोबर आहे. त्याने जरूर विकावं. फक्त साहित्याबरोबर स्वतःचे तासही किमतीत धरावेत आणि अ‍ॅडव्हान्स घेतल्याशिवाय हात लावू नये. माझा आक्षेप विकण्याला नाही, 'विकलं नाही तर वाया गेलं' या समजुतीला आहे.

कॉलेजात आपल्या प्रत्येक गोष्टीचा हिशेब असतो. हजेरी, क्रेडिट्स, इंटर्नशिप, सीव्हीत काय लिहिणार... लहानपणी भातुकली मांडताना यातलं काही नव्हतं. चिंचोक्यांची भाजी जमली की नाही, हे कुणी तपासत नव्हतं. दिवसातला तासभर तरी असा हवा, जिथे वाईट जमलं तरी कुणाचं काही बिघडत नाही. माझ्यासाठी तो तास म्हणजे नखाएवढी जिलबी.

करून बघायचं असेल तर महागडं किट नको. पांढरा फेविकॉल आणि कॉर्नफ्लोअर समप्रमाणात घ्या, चमचाभर तेल आणि लिंबाचे दोन-चार थेंब घाला. हाताला चिकटेनासं होईपर्यंत कणकेसारखं मळा आणि प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून ठेवा. आधी थोडा पांढरा रंग मिसळा, नाहीतर वाळल्यावर क्ले काचेसारखी दिसते. वाळताना ती आक्रसते, म्हणून वस्तू जरा मोठीच करा. भाजल्याचा तपकिरी रंग हवा असेल तर खडूची पूड ब्रशने लावा. वर पारदर्शक नेलपॉलिश, की झाली चकाकी. आणि पहिला केक कलंडला तर कलंडू द्या.

मी पुन्हा सुरुवात केलीये. परवा शेजारच्या मावशींनी माझी पुरणपोळी पाहिली, तुपाच्या थेंबासकट. 'अगं, ऑर्डर घेतेस का?'

'नाही हो मावशी,' मी म्हटलं, 'पण ही तुम्हाला. अशीच.'