वाचणारे कोठून आणणार?

‘जीनोम इंडिया’ प्रकल्पाने गोळा केलेली सुमारे दहा हजार भारतीयांची जनुकीय माहिती ९ जानेवारी २०२५ रोजी संशोधकांस खुली झाली. वीस संस्थांनी मिळून केलेले हे काम लहान नव्हे, आणि त्याचे श्रेय देताना आम्ही हात आखडता घेणार नाही. फरीदाबादच्या माहितीकेंद्रात पोथ्या रचून झाल्या. परंतु त्या वाचणार कोण, याचे समाधानकारक उत्तर आम्हांस कोठे दिसत नाही. हा विषय पहिल्या पानाचा आहे काय, असे ज्यांना वाटेल त्यांनी, ज्या घरातील मुलाच्या आजाराचे नाव कोणत्याच डॉक्टरला सांगता आले नाही, अशा घरी एकदा जाऊन यावे.

पोथ्यांची उपमा आम्ही शोभेसाठी वापरलेली नाही. एका मनुष्याच्या जनुकसंचात सुमारे तीनशे कोटी अक्षरे असतात, आणि प्रमाण मानलेल्या संहितेशी ताडून पाहिले असता कोणाच्याही संचात चाळीस ते पन्नास लाख पाठभेद निघतात. त्यांतील बहुतेक निरुपद्रवी. एखादाच घरात रोग आणणारा. तो हुडकून काढणे हे जैवमाहितीशास्त्रज्ञाचे काम. संगणक यादी काढून देतो, पण निवाडा माणसालाच करावा लागतो, आणि त्यासाठी जीवशास्त्र, संख्याशास्त्र व संगणक या तिन्ही विद्या अंगी मुरलेल्या असाव्या लागतात. निवाडा चुकला तर काय होते, हे २०१६ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मधील एका निबंधाने अमेरिकेपुरते दाखवून दिले. आफ्रिकी वंशाच्या काही रुग्णांना, त्यांच्या जनुकांतील अमुक बदल हृदयविकारास कारण आहे, असा निर्वाळा मिळाला होता. पुढे कळले की असे बदल त्या वंशातील निरोगी माणसांतही सर्रास आढळतात. ताडून पाहावयास घेतलेले नमुने मुख्यतः गोऱ्यांचे होते, एवढेच!

आपल्याकडे तर हा प्रश्न अधिकच बिकट. बेटीव्यवहार जातीबाहेर न करण्याचा आपला शतकानुशतकांचा हट्ट केवळ समाजसुधारकांनाच नडला असे नाही; तो आपल्या रक्तातही नोंदला गेला आहे. हैदराबादची सीसीएमबी आणि हार्वर्ड येथील संशोधकांनी २०१७ साली दक्षिण आशियातील २६३ समाजांची तपासणी प्रसिद्ध केली. मूठभर पूर्वजांपासून वाढलेला समाज म्हणून आनुवंशिक रोगांच्या अभ्यासात फिनलंडच्या लोकांचे उदाहरण नेहमी देतात. तशी पूर्वजांची छाप त्यांच्याहूनही ठळक असलेले ८१ समाज येथे निघाले, आणि त्यांपैकी १४ समाजांची लोकसंख्या दहा लाखांहून अधिक! दक्षिणेतील वैश्य समाजात काही जणांना भूल देताना स्नायू सैल करणारे एक नेहमीचे औषध दिले, तर त्याचा अंमल लवकर उतरत नाही व श्वास अडकतो. ते औषध मोडणारा घटक त्यांच्या शरीरात अपुरा असतो. भूलतज्ज्ञाला हे आधी ठाऊक असले म्हणजे प्राण वाचतात. अशी आणखी किती गुपिते त्या दहा हजार पोथ्यांत पडून असतील, हे आज कोण सांगणार?

असले काम घाईचे नव्हे. भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ साली हाती घेतली आणि १९६६ साली पुरी केली. पाठभेद ताडण्यात तेथील पंडितांची आयुष्ये गेली. त्यांना दर तीन वर्षांनी नवी नोकरी शोधावी लागली असती, तर आदिपर्व तरी तडीस गेले असते काय? जनुकांच्या पंडितांना मात्र आपण नेमके तेच करावयास लावतो. प्रकल्प संपला की नेमणूक संपली. कनिष्ठ संशोधकाची वृत्ती १ जानेवारी २०२३ पासून ३१,००० रुपयांवरून ३७,००० झाली खरी. पण त्यासाठी विद्यार्थ्यांना आंदोलन करावे लागले, आणि ती वेळेवर हाती पडत नाही ही तक्रार अद्याप थांबलेली नाही. हीच संगणकविद्या घेऊन हिंजवडीच्या एखाद्या कंपनीत जाणाऱ्या तरुणाला आम्ही कोणत्या तोंडाने दोष द्यावा?

मध्यमवर्गीय घरेही यात निर्दोष नाहीत. मुलगी पस्तिशीच्या उंबरठ्यावर असून ‘अजून शिकतेच आहे’, हे सांगताना आईवडील खाली पाहतात. ती शिकत नसून काम करीत आहे, आणि ते काम उद्या त्यांच्याच नातवाच्या कामी येईल, हे त्यांना कोणी समजावून दिलेले नाही.

या शास्त्राला आरंभ करण्यात आपण मागे राहिलो, असेही नाही. पुणे विद्यापीठात जैवमाहितीशास्त्राचे केंद्र १९८७ साली, घरोघरी संगणक येण्याच्या कितीतरी आधी निघाले. तेव्हा महाराष्ट्र सरकारने दिल्लीच्या तोंडाकडे पाहत बसू नये. आपल्या वैद्यकीय महाविद्यालयांत जनुकांचा अन्वय लावणाऱ्या शास्त्रज्ञांची कायम पदे निर्माण करावीत, ती वॉर्डातील डॉक्टरांच्या कामाशी जोडावीत, आणि येत्या अंदाजपत्रकात नव्या यंत्रांच्या खर्चाशेजारी त्यांच्या वेतनाचा रकाना मांडावा.