टॅटिंग येतं त्यांनी पुढं यावं

अंकुशनगरात आणि भोवतालच्या महाकाळा, वडीगोद्री, शहागडात ज्या घरी सत्तरीच्या पुढची आजी आहे, त्या घरानं एकदा तिची ट्रंक उघडावी. तळाशी रुखवतात मांडलेला एखादा रुमाल असेल, एखादं झबलं असेल, आणि त्याच्या कडेला बारीक पांढरी लेस असेल. ती लेस उजेडात धरून नीट बघा. क्रोशाचे खांब दिसले तर तो क्रोशा. पण एकीला एक खेटून बसलेल्या गाठींच्या इवल्या कड्या दिसल्या, आणि त्या कड्यांना बाहेरून दोऱ्याचे छोटे फासे असले, तर ते टॅटिंग आहे. ज्या हातांनी ते केलं ते हात अजून घरात असतील, तर पुढचं सगळं त्या हातांना वाचून दाखवा.

टॅटिंगला लागतं काय? होडीच्या आकाराचं बोटभर शटल आणि दोरा. बाकी काही नाही. डाव्या हाताच्या बोटांभोवती दोऱ्याचा वेढा घ्यायचा, उजव्या हातातलं शटल त्याच्या खालून एकदा आणि वरून एकदा न्यायचं, की दोन अर्ध्या गाठी मिळून एक टाका होतो. अशा पाच टाक्यांनंतर एक फासा, पुन्हा पाच टाके, पुन्हा फासा, आणि शेवटी शटलचा दोरा ओढला की कडी बंद होते. पुढच्या कडीचा फासा मागच्या कडीच्या फाशात अडकवत गेलं की फूल होतं, पट्टी होते. एवढंच.

पण या ‘एवढंच’मध्ये एक खोच आहे. गाठ शटलच्या दोऱ्यानं मारायची, पण ती बसली पाहिजे बोटांवरच्या दोऱ्याची. त्यासाठी नेमक्या क्षणी डाव्या हाताची बोटं सैल सोडायची आणि शटलचा दोरा ताणायचा. गाठ एका दोऱ्यावरून उडी मारून दुसऱ्यावर जाते. ही उडी चुकली तर टाके जागच्या जागी आवळतात आणि कडी काही केल्या बंद होत नाही. तेरेझ द दिल्माँ या बाईंनी 1886 साली सुईकामाचा जो मोठा कोश लिहिला, त्यात टॅटिंगवर चित्रांसह स्वतंत्र प्रकरण आहे. आज मोबाईलवर व्हिडिओही आहेत. तरीही बोटं कधी सोडायची हे शेजारी बसलेल्या बाईनं आपल्या हातावर हात ठेवून दाखवलं, तर जे तासाभरात जमतं, त्यासाठी एकटीनं आठवडे घालवावे लागतात, आणि बहुतेकजणी त्याआधीच कंटाळून सोडून देतात. म्हणून मला घाई झाली आहे. नमुने कागदावर उरतील, ट्रंकेतले रुमालही उरतील. बोटांची ही सवय मात्र शिकवणारीबरोबर जाते.

इंग्रजी अमदानीत मिशनच्या आणि मुलींच्या शाळांतल्या शिवणाच्या तासांतून ही सुईकामं आपल्याकडे रुजली. मग आई, मावशी, शेजारची काकू असं करत ती घरोघर गेली. पुढं मीटरवर मिळणारी लेस स्वस्त झाली, रुखवतात तयार वस्तू आल्या, आणि टॅटिंग मागं पडलं. त्या मीटरवरच्या लेसबद्दल माझी तक्रार नाही. पण ती यंत्रातून निघते, तिच्यात ही गाठ नसते. टॅटिंगचा एक फासा तुटला तरी सगळी लेस उसवत जात नाही, कारण प्रत्येक टाका स्वतःच एक गाठ असतो. आजीचा रुमाल फाटून विरतो आणि कडेची लेस शाबूत राहते, हे पुष्कळ घरांनी पाहिलं आहे.

मग आज सुरुवात कशानं करायची? माझं ठाम मत आहे: बुकमार्कनं. टेबलक्लॉथ मनात धरणारी बाई पहिल्या वितीवरच थकते. बुकमार्क वीतभर असतो. दोन ओळी कड्यांच्या, मधून एक साखळी, टोकाला गोंडा. हात बसला की दोन-तीन संध्याकाळींत पुरा होतो. साबुदाण्याच्या पातळ खळीत बुडवून, फासे टाचणीनं नीट ओढून सपाट वाळवला की पुस्तकात अजिबात फुगत नाही. ज्यांना तेवढाही धीर नसेल त्यांनी सहा पाकळ्यांचं एक फूल करावं आणि शुभेच्छापत्रावर चिकटवावं.

एक गोष्ट मात्र स्पष्ट बोलायला हवी, कारण असा विषय निघाला की कुणीतरी लगेच म्हणतं, ‘यातून बायकांना रोजगार मिळेल.’ शहागडला आपण जी गोदावरी बघतो, तीच खाली आंध्रात समुद्राला मिळते, आणि तिथं तिच्या काठी नरसापूर आहे. नरसापूरच्या हजारो बायका पिढ्यानपिढ्या क्रोशाची लेस विणत आल्या. मारिया मीस या जर्मन अभ्यासक बाईंनी त्यांच्यावर 1982 साली पुस्तक लिहिलं. घरबसल्या फावल्या वेळचं काम म्हणून ते गणलं गेलं, म्हणून दिवसभर डोळे फोडूनही हातात मजुरी नाममात्र पडली, आणि माल परदेशी विकून नफा दुसऱ्यांनी कमावला, हे त्यांनी दाखवून दिलं. आपल्याकडे तसं होऊ नये. टॅटिंग छंद म्हणूनच जगू द्या. कुणाला विकायचं असेल तर तिनं आपल्या तासांचा हिशेब मांडून भाव स्वतः सांगावा. पण ऑर्डर मिळवून देतो म्हणत नगावर दर ठरवणारा दारात आला, तर त्याला चहा देऊन वाटेला लावावं.

अंकुशनगर हे कारखान्याभोवती वाढलेलं गाव. समर्थ कारखान्याचा गळीत हंगाम सुरू झाला की पाळ्या, भोंगा आणि उसाच्या ट्रॉल्या यांवर घराचं घड्याळ चालतं. हंगाम संपला की तेच घड्याळ जरा सैल होतं. उन्हाळ्याच्या त्या दुपारी आम्हाला द्या. आणि जिल्हा आपला कापसाचा! ज्या मातीत कापूस पिकतो तिथल्या पोरींना दोऱ्याला गाठ मारता येऊ नये, हे मला खरोखर खुपतं. पोरींना म्हणते, पण पोरांनाही. शटल धरायला बोटं लागतात, ती सगळ्यांना आहेत.

शाळांना माझी विनंती आहे. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवस सुचवले आहेत, स्थानिक कारागिरांकडून शिकण्यासाठीच. त्यातला एक दिवस टॅटिंग येणाऱ्या आजीला शाळेत बोलवा, खुर्ची द्या, तिच्याभोवती पाच-सहाच मुलं बसवा. जास्त नकोत, हात दिसले पाहिजेत. 15 ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन असतो, 27 फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन. त्या दिवशी बक्षिसाच्या पुस्तकात मुलांनीच केलेला बुकमार्क असू द्या. गावोगावच्या ग्रंथालयांनी आठवड्यातली एक दुपार आणि एक टेबल द्यावं.

साहित्याची अडचण सांगू नका. शटल मिळालं नाही तर जुन्या जाड प्लास्टिक कार्डातून कापता येतं. दोन्ही टोकांना खाच ठेवून मधे दोरा गुंडाळायचा. पहिल्या दिवशी वीस नंबरचा दोरा घ्या, चाळीसचा नको, नवख्या बोटांना तो सापडत नाही. शटलवर एक रंग आणि बोटांवर दुसरा रंग घ्या, म्हणजे गाठ कोणत्या दोऱ्याची बसली ते लगेच दिसेल.

आणि ज्यांना येतं त्या आज्या, काकू, मावश्यांनो, तुमच्याकडून आणखी एक हवं आहे. तुम्हाला येत असलेल्या प्रत्येक नमुन्याचा बोटभर तुकडा करून द्या. जाड पानांच्या वहीत आपण तो शिवून ठेवू. शेजारी कड्यांचे आणि टाक्यांचे आकडे, तुमचं नाव, तुम्हाला कुणी शिकवलं तिचं नाव आणि साल लिहू. वही ग्रंथालयात राहील, हवी त्यानं बसून उतरवून घ्यावी. डोळ्यांना आता दिसत नसेल तर तुम्ही नुसतं तोंडानं सांगा, टाके आम्ही घालतो.