ज्येष्ठांसाठी ठरलेला वार आणि जवळची जागा

प्रति,
मा. कलेक्टर महोदय,
धार व देवास जिल्हे, मध्य प्रदेश

विषय: ज्येष्ठ नागरिकांना सामुदायिक करमणुकीच्या कार्यक्रमांत सहभागी होता यावे, यासाठीच्या सोयींबाबत.

महोदय,

माळव्यात गाण्याला तोटा नाही. क्षयाने आजारी असलेले गायक कुमार गंधर्व १९४८ मध्ये हवापालटासाठी देवासला आले. अंथरुणावर पडल्या पडल्या आसपासच्या बायकांची गाणी त्यांच्या कानावर पडत राहिली आणि त्या लोकधुनांतून पुढे त्यांनी नवे राग घडवले. अशी गाणी आज घरातल्या थोरल्यांनाच तोंडपाठ असतात. गावात कार्यक्रम असला की मागे राहतात तेही थोरलेच.

अडचण हौसेची नाही. कार्यक्रम रात्री ९ ला सुरू होतो, परतीला वाहन मिळत नाही. पायऱ्यांना कठडा नसतो, बसायला सतरंजी, आणि स्वच्छतागृह मंडपामागच्या अंधारात. मधुमेह असलेली आजी हे सगळे मनात जोखते आणि ‘तुम्ही जाऊन या’ म्हणते.

उपाय देवासने स्वतःच करून पाहिला आहे. एकलव्य संस्थेच्या कबीर भजन व विचार मंचात १९९० च्या दशकात दर महिन्याच्या २ तारखेला खेड्यापाड्यांतल्या मंडळ्या जमत. तारीख ठरलेली, गाणारे तेच, ऐकणारेही तेच. जपानमधल्या ताकेतोयो गावाने २००७ पासून ज्येष्ठांसाठी स्वयंसेवकांच्या हाती चालणारी छोटी करमणूक केंद्रे उघडली. केंद्र घराजवळ असले की ज्येष्ठ जास्त येतात, आणि येणाऱ्यांमध्ये परावलंबित्व कमी राहते, असे तिथल्या अभ्यासात आढळले.

धार जिल्ह्यातल्या राजगडजवळच्या मोहनखेडा तीर्थावर दूरदूरचे यात्रेकरू येतात. त्याच पंचक्रोशीतल्या ज्येष्ठांना धारचा कार्यक्रम मात्र चाळीस किलोमीटरहून लांब पडतो. २०१२ च्या मुख्यमंत्री तीर्थदर्शन योजनेतून राज्य शासनाने ज्येष्ठांना रामेश्वरपर्यंत नेले. आठवड्यातून एकदा त्यांना शेजारच्या शाळेपर्यंत नेणे शासनाला जड नाही.

म्हणून मागण्या अशा:

१. धार व देवास शहरांत वॉर्डनिहाय आणि मोहनखेडा-राजगड परिसरात किमान एक केंद्र सुरू करावे. नवी इमारत नको. शाळेचा वर्ग किंवा पंचायत भवन पुरे.

२. वार ठरलेला असावा, वेळ दुपारी ४ ते ६.

३. पाठ टेकता येईल अशा खुर्च्या, कठडा, उजेड, पाणी आणि जवळ स्वच्छतागृह असल्याखेरीज जागा निवडू नये.

४. एकट्या राहणाऱ्यांना पहिल्या काही वेळा घरून घेऊन जायला राष्ट्रीय सेवा योजनेचे विद्यार्थी सोबत द्यावेत.

५. कार्यक्रम ठरवणाऱ्या समितीत निम्मे सदस्य ज्येष्ठ असावेत, त्यांत निम्म्या महिला. माळवी, भिली, मराठी आणि हिंदी या चारही भाषांना जागा मिळावी.

६. किती आले याबरोबरच कोण येईनासे झाले, याचीही दरमहा नोंद ठेवून त्यांच्या घरी चौकशी व्हावी.

येत्या १ ऑक्टोबरच्या आंतरराष्ट्रीय ज्येष्ठ नागरिक दिनापूर्वी पहिली केंद्रे सुरू करावीत आणि तत्पूर्वी चर्चेसाठी वेळ द्यावी, ही विनंती.

आपले नम्र,
धार व देवास जिल्ह्यांतील मराठी भाषक ज्येष्ठ नागरिक व त्यांचे कुटुंबीय