'नेहमीचं दे' म्हटलं की सर्व्हरला कळत नाही!



सर्व्हरवर रोज लागणाऱ्या लांबलचक कमांडला एलियस द्या, म्हणजे टोपणनाव ठेवा, टायपिंग वाचेल, असं मी व्हिडिओत नेहमी सांगतो. आज त्या सल्ल्याला एक अट जोडतोय. एलियस फक्त तुमच्या बोटांच्या सोयीसाठी आहे. दुकानाचं जे काम रोज झालंच पाहिजे, ते एलियसच्या भरवशावर ठेवू नका. हे मी स्वतः हात पोळून शिकलोय.

आमच्या दुकानाचं बिलिंग भाड्याच्या क्लाउड सर्व्हरवर चालतं. लिनक्स आहे, बॅश शेल आहे. डेटाबेसची कॉपी काढायची, झिप करायची, नावात तारीख घालून ठेवायची, या सगळ्याला मी 'बॅकअप' असा एक एलियस केला होता. लॉगिन करून तेवढा एक शब्द टाइप केला की काम फत्ते. मग मला हुशारी सुचली. रोज लॉगिन कशाला करायचं? दुकानातल्या लॅपटॉपवर एक आयकॉन बनवला. तो एसएसएचने सर्व्हरला एका ओळीत 'बॅकअप' एवढंच सांगायचा. शटर ओढायच्या आधी आमचा मुलगा डबल क्लिक करायचा, काळी विंडो उघडून मिटायची आणि आम्ही निर्धास्त घरी.

नऊ दिवसांनी एका चुकीच्या क्लिकने बरीच बिलं उडाली. बॅकअप शोधायला गेलो, तर शेवटची फाइल आयकॉन बनवायच्या आधीची! त्या काळ्या विंडोत रोज 'कमांड नॉट फाउंड' येत होतं, पण ते वाचायच्या आत विंडो मिटत होती. जीएसटीआर-१ भरायची ११ तारीख तोंडावर आलेली. दोन रात्री बसून छापील कॉप्यांवरून बिलं परत चढवली.

असं का झालं? आपल्या दुकानाचंच उदाहरण घ्या. जुनं गिऱ्हाईक काउंटरवर येऊन म्हणतं, "नेहमीचं दे." तुम्ही समोर असता, तुम्हाला कळतं. तेच गिऱ्हाईक गोडाऊनच्या नव्या पोऱ्याला फोन करून "नेहमीचं दे" म्हणालं, तर तो काय देणार?

तुम्ही लॉगिन करून बसता तेव्हा शेल 'इंटरॅक्टिव्ह' असतं आणि टोपणनावं ओळखतं. एसएसएचच्या ओळीतच कमांड जोडून पाठवली की शेल नॉन-इंटरॅक्टिव्ह चालतं, आणि अशा वेळी बॅश एलियस उघडतच नाही. उबंटूमध्ये तर डॉट बॅशआरसी फाइलच्या सुरुवातीलाच लिहिलेलं असतं, की इंटरॅक्टिव्ह नसेल तर इथूनच परत जा. तुमचा एलियस त्या ओळीच्या खाली पडून राहतो. आणि तुमच्या लॅपटॉपवरचे एलियस सर्व्हरपर्यंत जात नाहीत, हेही लक्षात ठेवा.

याच्या उलटा प्रकार जास्त धोक्याचा आहे. पुष्कळ जण फाइल उडवणाऱ्या आरएम कमांडला 'आधी विचार, मग उडव' असा एलियस लावतात. रेड हॅट घराण्यातल्या सिस्टीमवर रूट युजरसाठी तो बऱ्याचदा आधीच लावलेला असतो. आपल्याला त्या प्रश्नाची सवय होते. पण तीच आरएम एसएसएचच्या ओळीतून पाठवली, की साधारणपणे काहीही न विचारता फाइल जाते. इथे एररसुद्धा येत नाही.

काही जण सांगतील, बॅशला डॅश आय लावून जबरदस्तीने इंटरॅक्टिव्ह कर, किंवा एक्स्पांड एलियसेस हा पर्याय चालू कर. चालतं, नाही असं नाही. पण माझ्या मते तो जुगाड आहे. उद्या सर्व्हर बदलला किंवा डॉट बॅशआरसीत कुणी हात घातला, की पुन्हा तेच रडगाणं.

सरळ रस्ता असा. त्याच कमांड एका स्क्रिप्ट फाइलमध्ये लिहा. सीएचमॉडने तिला चालवायची परवानगी द्या. बोलावताना फाइलचा पूर्ण पत्ता द्या, कारण नॉन-इंटरॅक्टिव्ह शेलमध्ये तुमचं नेहमीचं फोल्डर पाथमध्ये असेलच असं नाही. हीच फाइल उद्या क्रॉनलाही देता येते. टोपणनावाचा मोह सुटत नसेल, तर त्या स्क्रिप्टलाच एलियस द्या, मी कुठे नाही म्हणतोय!

आणि निकाल तपासा. कमांड संपली की एसएसएच सर्व्हरचा एक्झिट कोड तुमच्यापर्यंत आणून देतं. ० म्हणजे कमांडने तक्रार केली नाही, १२७ म्हणजे कमांड सापडलीच नाही. आयकॉनमागच्या फाइलमध्ये एवढंच घाला, की ० नसेल तर विंडो मिटू नये.

आज रात्री शटर ओढायच्या आधी एक काम करा. तुमचा बॅकअप चालवा आणि आजच्या तारखेची फाइल खरंच आली का, तिचा साइज बरोबर वाटतो का, ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. गल्ला आपण रोज मोजतो ना? मग हेही मोजा.

भेटू पुढच्या व्हिडिओत.