हँडबुक उशाला, गणित हाताशी

रोखे बाजारातल्या नोकरीसाठी फॅबोझींचे हँडबुक पहिल्या पानापासून वाचा, हा गेल्या अंकातील पत्रलेखकाचा सल्ला पटला नाही. संदर्भग्रंथ उत्तमच, पण मुलाखत तोंडावर आली की तो उशालाच जातो. त्यापेक्षा टकमन यांच्या पुस्तकातली ड्युरेशनची प्रकरणे वहीत सोडवावीत. मुंबईच्या ट्रेझरीत प्रश्न साधाच येतो: १० वर्षांच्या रोख्याचे यील्ड एक बेसिस पॉइंटने वाढले, तर एक कोटीवर फटका किती? सुधारित ड्युरेशन ७ धरले तर ७,००० रुपये. (इथेच भलेभले अडखळतात.) शिवाय अमेरिकी पुस्तकांतली दिवसमोजणी वेगळी, आपल्या सरकारी रोख्यांचे व्याज ३०/३६० ने मोजतात. हे रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावरच्या प्रश्नोत्तरांत फुकट मिळते.

– एक वाचक, ठाणे