दवंडी कोणाच्या कानी पडते?

सभेचा वृत्तान्त लिहिण्याची आपल्याकडे मोठी हौस आहे. सभेची सूचना लिहिण्याची मात्र नाही. अध्यक्षस्थानी कोण होते, आभार कोणी मानले, हे दुसऱ्या दिवशी सविस्तर छापून येते. परंतु सभा होणार असल्याचे आधी कोणाला कळविले होते, आणि ज्यांना ते कळावयास हवे होते त्यांना कळले काय, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. ज्या मंडळींचा सारा व्यवहार संगणकाच्या पडद्यावरच चालतो त्यांच्या बाबतीत तर हा प्रश्न अधिकच महत्त्वाचा ठरतो. मराठी विकिपीडियाचे उदाहरण या दृष्टीने विचार करण्यासारखे आहे.

विकिपीडियाचा आरंभ जानेवारी २००१ मध्ये झाला आणि मराठी आवृत्तीचा १ मे २००३ रोजी, म्हणजे महाराष्ट्रदिनी. हा ज्ञानकोश लिहिणारे लोक वेतन घेत नाहीत. त्यांतील पुष्कळजण टोपणनावाने लिहितात आणि वर्षानुवर्षे एकमेकांचे लेखन तपासूनही त्यांनी एकमेकांचे तोंड पाहिलेले नसते. त्यांनी आपल्या सार्वजनिक चर्चेच्या पानाला ‘चावडी’ असे समर्पक नाव दिले आहे. परंतु चावडी म्हटली की तिच्याबरोबर चावडीचे गुण जसे येतात तसे दोषही येतात, याचा विसर पडता कामा नये.

काम जर दूर राहून होते, तर प्रत्यक्ष भेटण्याचा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर अनुभवाने दिले आहे. विकिपीडिया सुरू होऊन तीन वर्षेही झाली नव्हती, तोच ऑक्टोबर २००३ मध्ये जर्मनीतील म्युनिक येथे काही लेखक एकत्र जमले. २००५ मध्ये फ्रँकफुर्ट येथे जागतिक संमेलन भरले आणि नोव्हेंबर २०११ मध्ये भारतातील लेखकांची परिषद मुंबईत झाली. पडद्यावर आठवडेच्या आठवडे चाललेला वाद चहाच्या एका पेल्याबरोबर मिटतो, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना भेटीचे प्रयोजन समजावून सांगावे लागत नाही. नवख्या माणसाने कष्टाने लिहिलेला मजकूर कोणी क्षणार्धात पुसून टाकला, की तो बहुधा परत येत नाही. तोच मजकूर का पुसला गेला हे शेजारी बसून कोणी सांगितले, तर तो टिकतो. २०११ च्या जनगणनेनुसार सव्वाआठ कोटींहून अधिक लोकांची मातृभाषा असलेल्या मराठीचा ज्ञानकोश मूठभर लोकांच्या खांद्यावर राहावयाचा की नाही, हा प्रश्न अखेर अशा भेटींपाशी येऊन ठेपतो.

पण या भेटींच्या सूचना पोहोचतात कोणाला? चावडीवर लिहिले तर ते चावडीवर रोज बसणाराच वाचतो. दूरध्वनीवरील एखाद्या गटात चित्ररूपाने पाठविले, तर दुपारपर्यंत ते शुभेच्छांच्या ढिगाखाली गाडले जाते. प्रस्तुत लेखक एका जिल्ह्याच्या गावी अशा एका मेळाव्यास गेला होता. सूचना आदल्या रात्री निघालेली, सभागृह तिसऱ्या मजल्यावर आणि उपस्थिती चौघांची. तेही चौघे एकमेकांच्या परिचयाचे. मागाहून त्याच गावातील एक निवृत्त शिक्षिका भेटल्या. तालुक्यातील देवळे, बारवा आणि शिलालेख यांच्या टिपणांच्या वह्या त्यांच्यापाशी होत्या. मेळावा झाल्याचे त्यांना छायाचित्रे पाहून कळले. ‘मला कोणी बोलावले नाही,’ एवढेच त्या म्हणाल्या. त्यांना कोणी वगळले नव्हते, हे खरे; पण वगळण्यासाठी दर वेळी कोणी तरी ठरवावेच लागते असे थोडेच आहे? निष्काळजीपणाही ते काम चोख बजावतो.

इंग्रजी विकिपीडियाने यावर एक तोड काढली आहे. नोंदणी केलेला लेखक आपण लक्ष ठेवलेल्या लेखांची यादी उघडतो, तेव्हा त्याच्या परिसरात होणाऱ्या भेटीची सूचना त्या यादीच्या माथ्यावर त्याला दिसते. सूचना कोणत्या भूभागात दिसावी, कधी झळकावी आणि कधी उतरवावी, हे आधी ठरवून द्यावे लागते. पुण्यातील भेटीची वर्दी लंडनच्या माणसाला देऊन त्याला कंटाळा आणावयाचा नाही, हा त्यामागील विवेक. व्यवस्था उत्तम, तथापि तिलाही मर्यादा आहे. जो आधीच आत आला आहे त्यालाच ती सूचना दिसते. वहीत टिपणे करणाऱ्या त्या शिक्षिकेपर्यंत ती पोहोचत नाही.

आपल्याच इतिहासातील एक दाखला येथे आठवतो. न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादी यांनी मराठी ग्रंथकारांनी एकत्र यावे असे आवाहन ‘ज्ञानप्रकाश’ पत्रातून फेब्रुवारी १८७८ मध्ये केले. पहिले ग्रंथकार संमेलन पुण्यात भरले ते मे महिन्यात. आगगाडी आणि टपाल यांवर विसंबणाऱ्या त्या काळात निमंत्रितांना तीन महिन्यांचा अवधी मिळाला. आज निरोप क्षणात जातो, म्हणून आपण तो आदल्या रात्री पाठवितो! पण त्या कथेचा उत्तरार्धही आहे. १८८५ च्या दुसऱ्या संमेलनाचे निमंत्रण महात्मा जोतीराव फुले यांना पोहोचले, आणि त्यांनी ते पत्र लिहून नाकारले. ज्यांना सर्वांचे मानवी हक्क मनापासून मान्य नाहीत, त्यांच्या सभांत आम्हांस स्थान कोणते, असा त्या पत्राचा आशय होता. सूचना पोहोचणे आणि ‘ही सभा माझी आहे’ असे वाटणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे त्या नकाराने कायमचे सांगून ठेवले आहे.

चावडी आणि दवंडी यांचे नातेही असेच दुटप्पी होते. दवंडी गल्लोगल्ली फिरे, म्हणून ती सर्वांच्या कानी पडे. परंतु अनेक गावांत ती पिटण्याचे काम ज्यांच्या माथी गावकीने मारले होते, त्यांना त्याच चावडीवर बरोबरीने बसता येत नसे. नव्या चावडीने जुनी दवंडी उचलावी. जुनी उतरंड मात्र उचलू नये.

यासाठी करावयाचे आहे ते अवघड नाही. सूचना किमान तीन आठवडे आधी निघावी. तीत दिनांक, वार, वेळ आणि संपण्याची वेळही असावी, कारण घरी परतण्याची शेवटची एस.टी. किती वाजता आहे याचा हिशेब करूनच अनेकांना, विशेषतः स्त्रियांना, निर्णय घ्यावा लागतो. जागा तळमजल्यावर असावी आणि स्थानकापासून तेथे कसे यावे हे लिहावे. संगणक आणणे आवश्यक आहे की नाही, पूर्वानुभव हवा की नको, हे स्पष्ट सांगावे. महाराष्ट्रात दहा हजारांहून अधिक शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालये आहेत. सूचनेचा एक कागद त्यांच्या फलकावर लागला आणि चार ओळी स्थानिक वृत्तपत्रात आल्या, तर केवढे क्षेत्र मोकळे होईल! आणि भेट झाल्यावर शिळी सूचना काढून तेथे चार ओळींचा वृत्तान्त ठेवावा. त्यात सत्काराचे वर्णन नको, काम काय झाले ते असावे.

अशा उघड्या निमंत्रणाने उपद्रवी लोकही येतील, अशी शंका घेतली जाते. ती अनाठायी नाही. टोपणनावाने लिहिणाऱ्या कित्येकांना, त्यातही स्त्रियांना, आपली ओळख उघड होण्याची सार्थ भीती असते. पण त्यावर उपाय दार लावून घेणे हा नव्हे. भेट सार्वजनिक जागी ठेवावी; खऱ्या नावाचा आग्रह धरू नये; संमतीवाचून कोणाचे छायाचित्र घेतले जाणार नाही आणि गैरवर्तनाची तक्रार कोणाकडे करावी, हे सूचनेतच नमूद करावे. हे वाचून बिचकतो तो उपद्रवी माणूस. भीड असलेल्याला यातूनच धीर येतो.

सूचना लिहिणे हे कारकुनी काम समजून आपण ते सर्वांत शेवटी आणि सर्वांत कनिष्ठ माणसावर सोपवितो. वस्तुतः सभेत कोण असेल हे तेव्हाच ठरून जाते, आणि सभेत कोण असेल यावर ग्रंथात काय लिहिले जाईल हे ठरते. त्या शिक्षिकेच्या वह्या अजून कपाटात आहेत. पुढच्या मेळाव्याची सूचना लिहिणाऱ्याने लेखणी उचलण्यापूर्वी क्षणभर त्यांचे स्मरण करावे.